चढ आधी, उतार मागाहून : सायकलवाटांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बेळगाव परिसरातील सायकल-भटकंतीविषयी एक टिपण प्रसिद्ध केले होते. सकाळी पश्चिमेकडे म्हणजे घाटमाथ्याच्या दिशेने निघावे आणि परतीला नदीबरोबर पूर्वेकडे उतरावे, असे त्यात सुचविले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : तुमचा ‘पश्चिमेकडे निघा’ हा नियम मला पटत नाही. एप्रिल महिन्यात आम्ही तिघे मित्र बेळगावहून सौंदत्तीच्या दिशेने गेलो. जाताना सायकली आपोआप पळत होत्या, पण दुपारनंतर परतताना वारा असा तोंडावर आला की सपाट रस्त्यावरसुद्धा उतरून चालावे लागले. यात दिशेचा काय दोष? (कडोली)

उत्तर : तुमचा अनुभव आमच्या नियमाविरुद्ध नसून त्याच्याच बाजूने साक्ष देतो. तुम्ही सकाळी पूर्वेकडे गेलात आणि दुपारी पश्चिमेकडे परत फिरलात, म्हणजे चढही वाऱ्याच्या तोंडावर आणि थकलेल्या पायांनी चढलात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर वसले आहे. येथून पूर्वेकडे जमीन हळूहळू खाली उतरत जाते, इतकी हळूहळू की डोळ्यांना तो सगळा प्रदेश सपाटच वाटतो. गोकाकपर्यंत पोहोचेतो दीड-दोनशे मीटर उंची आपण केव्हाच गमावलेली असते आणि ती परतताना एकेक मीटर मोजून परत द्यावी लागते. शिवाय मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो. जून ते सप्टेंबर तर तो दिवसभर त्याच दिशेने वाहतो. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात बसून ज्या वाऱ्याचे आपण कौतुक करतो, तोच सायकलस्वाराच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकलतो. थंडीच्या दिवसांत मात्र चित्र थोडे उलटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून आणि मंद असतो, त्यामुळे सौंदत्तीचा बेत आखायचा झाल्यास त्याच महिन्यांत आखावा. तोही एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा हट्ट धरू नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय एकसष्ट आहे. जवळ साधी, गिअर नसलेली सायकल आहे. रोज दहा-बारा किलोमीटर फिरतो. एखादे जलाशय आणि शेतशिवार पाहता येईल, पण दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल, असा मार्ग सुचवावा. (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आपल्यासाठी राकसकोपची वाट सांगण्यापूर्वी दुसऱ्या कोणत्याही वाटेचा विचार करण्याची गरज आम्हांला वाटत नाही. बेळगाव शहराला ज्या जलाशयांचे पाणी मिळते त्यांपैकी हा एक. मार्कंडेय नदीवर बांधलेला हा जलाशय शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर आहे, आणि तरीही जुलै महिन्यात वर्तमानपत्रात त्याची पाणीपातळी वाचून समाधानाचा सुस्कारा टाकणाऱ्या कितीतरी बेळगावकरांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. पूर्ण भरल्याची खूण समुद्रसपाटीपासून २४७५ फुटांची. हा आकडा येथे शाळकरी मुलांनासुद्धा पाठ असतो.

बेनकनहळ्ळी ओलांडली की शहराचा गोंगाट मागे पडतो आणि बेळगुंदीपर्यंत रस्ता लहानलहान चढ-उतारांचा होतो. यातला एकही चढ असा नाही की उतरून चालण्यात कमीपणा वाटावा. आणि समजा उतरावे लागले, तरी हातात सायकल धरून चालताना दोन्ही बाजूंचे शिवार अधिक नीट दिसते. या पट्ट्यातली माती तांबडी आहे. जून-जुलैत येथे भाताची गडबड चालते, तर माळाच्या बाजूला रताळ्याच्या वेलांचे तुकडे सरीच्या माथ्यावर टोचण्याचे काम सुरू असते. बेळगावचे रताळे दूरच्या बाजारांत नावाजले जाते ते याच पश्चिम भागाच्या जोरावर. ऑक्टोबरच्या सुमारास गेलात तर बांधावर काढून ठेवलेल्या रताळ्यांचे ढीग दिसतील. त्यांना चिकटलेली तांबडी माती ओली असेतो रताळ्याचा रंग कळत नाही. बोटाने घासली की आतून गुलाबी साल दिसते. एखाद्या मावशीकडून किलोभर घेऊन मागच्या कॅरिअरला बांधावी, इतकाच भार परतीला सोसावा.

जलाशय पिण्याच्या पाण्याचा असल्यामुळे त्यात उतरणे, कपडे धुणे किंवा परवानगीशिवाय बांधावर जाणे योग्य नव्हे. पाहण्यासाठी रस्ताच पुरेसा आहे. जलाशयाचा मागचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दीत, चंदगड तालुक्यातील तुडये गावाच्या शिवारापर्यंत पोहोचतो. तेथवर गेल्यास पाण्याचे खरे रूप दिसते. काठाला वाळलेल्या झाडांचे बुंधे, पाण्यात पाय बुडवून उभे असलेले बगळे आणि पलीकडे डोंगराची रेघ. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर पाण्यावर धुक्याचा पातळ पदर अजून तरंगत असतो. राज्याची सीमा ओलांडल्याचे कळते ते केवळ दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलल्यावरून आणि कधीकधी डांबराचा रंग बदलल्यावरून; शिवार, बोली आणि चहाची चव तीच राहते.

परत त्याच वाटेने यायचे नसेल तर तुडयेहून हाजगोळीमार्गे शिनोळीला निघावे आणि बाची, तुरमुरी, उचगाव या बाजूने वेंगुर्ले रस्त्याने हिंडलग्याला यावे. एकूण फेरी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास होते. रोज बारा किलोमीटर चालविणाऱ्याला ती दोन-तीन विसाव्यांसह चार-साडेचार तासांत झेपते. वेंगुर्ले रस्त्यावर वाहने अधिक असतात, म्हणून तो भाग डाव्या कडेने आणि न रेंगाळता पार करावा. उचगावात मळेकरणी देवीच्या आमराईत थांबण्यासारखी सावली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र तेथे यात्रेसारखी गर्दी होते, हे लक्षात ठेवून वार निवडावा.

एवढी एकच फेरी आपण वर्षातून तीन वेळा करावी, अशी आमची मनापासून शिफारस आहे: पहिल्या पावसानंतर, भात पोटरीत आल्यावर आणि कापणी झाल्यावर. जुलैच्या मुसळधार पावसात मात्र जाऊ नये. तेव्हा मार्कंडेय नदी आंबेवाडी आणि कंग्राळीच्या शिवारात पसरते आणि भातशेती व रस्ता यांतला भेद कळेनासा होतो.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयात शिकणारे पाच जण मलप्रभेच्या उगमापासून खानापूरपर्यंत नदीच्या सोबतीने सायकलवरून यावे म्हणतो. दोन दिवस हाताशी आहेत. चोर्ला घाट उतरून गोव्यालाही जाऊन यावे, असे दोघांचे म्हणणे आहे. (खानापूर)

उत्तर : उगमापासूनची कल्पना उत्तम आहे. चोर्ल्याची कल्पना वाईट नाही, पण ती या प्रवासात घुसडू नका. घाटमाथा आठशे मीटरच्या आसपास आणि पायथ्याचे केरी गाव जवळजवळ समुद्राच्या पातळीला. म्हणजे उतरताना जी मजा येईल तिची किंमत दुसऱ्या दिवशी सुमारे सातशे मीटरच्या सलग चढाने मोजावी लागेल. गोव्याला जायचे तर एकतर्फी जावे आणि परतीची वेगळी सोय करावी. शनिवार-रविवारी या रस्त्यावर गोव्याकडे धावणाऱ्या मोटारींची रीघ लागते आणि वळणावर त्यांना सायकल दिसतेच असे नाही, हेही मित्रांना सांगा.

आता मलप्रभेकडे वळू. आपण खानापूरचे असलात तरी पहिल्या दिवशी बेळगाव बाजूने चढावे, असे आम्ही सुचवू. रेल्वेने बेळगावला येऊन पिरनवाडी, नावगे, किणये आणि कुसमळी या वाटेने जांबोटी गाठावी. कुसमळीच्या पुलावर मलप्रभा पहिल्यांदा भेटते. तेथे पाच मिनिटे कठड्याला टेकून पाण्याचा रंग पाहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी असोग्याला तीच नदी किती रुंदावली, हे ताडून पाहता येईल. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतचा वीस किलोमीटरच्या आतला रस्ता रानातून जातो. उंची फार वाढत नाही, परंतु उतार-चढाव सतत चालू राहतात आणि मांड्या दुखतात त्या यामुळेच.

कणकुंबीला माउली देवीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम मानला जातो. तिथल्या कुंडापाशी उभे राहिल्यावर एक गोष्ट मनात घोळवण्याजोगी आहे. याच गावाच्या परिसरातील कळसा नाल्याचे पाणी महादई नदीला मिळून गोव्यातून अरबी समुद्रात जाते, तर मलप्रभेचे पाणी तीनशे किलोमीटरचा प्रवास करून बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. एकाच पावसाच्या सरीतले दोन थेंब दोन समुद्रांना जातात, आणि त्या दोघांची ताटातूट होते ती आपल्या खानापूर तालुक्यात. महादईच्या पाण्यावरून दोन राज्यांत इतकी वर्षे वाद का चालला आहे, हे नकाशापेक्षा या जागी उभे राहून लवकर समजते.

मुक्कामाला कणकुंबीहून मागे जांबोटीत यावे. तेथे राहण्याची सोय होऊ शकते, मात्र ती आधी विचारून ठेवावी. पाच तरुण पोरे अंधार पडल्यावर दार वाजवू लागली की यजमानही गांगरतो. दुसऱ्या दिवशी हब्बनहट्टीच्या स्वयंभू मारुतीला जावे. हे देवस्थान नदीच्या पात्रालगत असून पावसाळ्यात मारुती पाण्याखाली जातो. दिवाळीनंतर पात्र उघडे पडते तेव्हा खडकांवरून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत बसण्यासाठी या वाटेवर याहून चांगली जागा नाही. पुढे खानापूरकडे उतरत असोग्याला रामलिंगेश्वराचे दर्शन घ्यावे. तेथे नदी वळण घेते आणि त्या वळणावर झाडांची गर्द सावली आहे. डबे तेथेच उघडा.

एक सूचना गंभीरपणे घ्यावी. जांबोटी-कणकुंबीच्या दक्षिणेला भीमगड अभयारण्य आहे. २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या रानात गवे आणि अस्वले आहेत. हेमाडग्याच्या बाजूच्या आतल्या वाटांवर वन खात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये, आणि मुख्य रस्त्यावरसुद्धा सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचावे. अस्वल सायकलची घंटी ऐकून बाजूला होत नाही.

आणखी एक दिवस मिळाला तर खानापूरहून नंदगडमार्गे हलशीला जाऊन या. नंदगडला १८३१ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी देण्यात आली. त्याच्या स्मृतिस्थळी आजही लोक भक्तिभावाने येतात. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. भूवराह-नरसिंहाच्या देवळात समोरासमोरच्या दोन गाभाऱ्यांतील मूर्ती पाहिल्यावर पुन्हा खोगिरावर बसण्याची घाई उरत नाही.

प्रश्न : गोकाकचा धबधबा पाहण्यासाठी सायकलने जावे की नाही? गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेलो तेव्हा नुसता खडक दिसला. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : खडक पाहणे हेही काही कमी नव्हे, पण आपली निराशा समजू शकतो. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, परंतु तिच्या वरच्या अंगाला हिडकल येथे राजा लखमगौडा धरण असल्यामुळे धबधब्याचे वैभव पावसावर आणि धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा काळ निवडावा. तेव्हा पाणी चहाच्या रंगाचे असते आणि तुषार रस्त्यापर्यंत येतात. या उंचीचा उपयोग करून एकोणिसाव्या शतकात येथे कापसाची गिरणी उभी राहिली. तिच्या जुन्या दगडी इमारती आणि नदीवरचा झुलता पूल पाहिल्याशिवाय परतू नये. पुलावर प्रवेश बंद असेल तर काठावरून पाहावे आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये.

बेळगावहून कणबर्गीवरून अंकलगीमार्गे गोकाक सत्तर किलोमीटरच्या आत आहे आणि एकूण कल उताराचा आहे. वाटेत गोकाकच्या अलीकडे गोडचिनमलकीचा धबधबा लागतो. तो मार्कंडेय नदीचा आहे, म्हणजे वर ज्या राकसकोपचे वर्णन केले तेथलेच उरलेसुरले पाणी येथे दोन टप्प्यांत उडी घेते आणि पुढे घटप्रभेला मिळते. त्यामुळे ज्यांनी एका रविवारी राकसकोप केले, त्यांनी पुढच्या रविवारी गोडचिनमलकी करावे. एका नदीची ओळख पुरी होते.

परतीला मात्र सायकल चालवत येऊ नका. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आणि दोनशे मीटरचा चढ एकत्र आले तर आनंदाचा दिवस शिक्षेचा होतो. बेळगाव-मिरज लोहमार्गावर घटप्रभा आणि पाच्छापूर ही स्थानके या बाजूला आहेत. सायकल रेल्वेने आणायची असल्यास ती लगेज म्हणून नोंदवावी लागते आणि प्रत्येक लहान स्थानकावर ही सोय नसते, म्हणून जाण्यापूर्वी बेळगाव स्थानकात चौकशी करून ठेवावी.

काळ्या मातीविषयी मात्र सावध करायला हवे. एका ऑगस्टमध्ये अंकलगीच्या पुढे मी रस्ता सोडून शेतातल्या जवळच्या वाटेने निघालो. शंभर पावलेही गेलो नसेन, तोच मागचे चाक थांबले. मडगार्ड आणि टायर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत काळी माती अशी ठासून भरली होती की चाक फिरेना आणि सायकल उचलवेना. शेजारच्या शेतकऱ्याने काही न बोलता जोंधळ्याचे एक वाळके धाट मोडून हातात दिले. त्याने माती खरवडत मी अर्धा तास उकिडवा बसलो होतो आणि तो शेतकरी बांधावर बसून ते पाहत होता. शेवटी त्याने कन्नडमध्ये एवढेच विचारले, की डांबरी रस्त्याला काय झाले होते? तेव्हापासून पावसाळ्यात बेळगावच्या पूर्वेला गेलो की डांबर सोडत नाही. पश्चिमेची तांबडी माती अंगाला लागते, कपडे खराब करते, पण चाक धरून ठेवत नाही.

आणि गोकाकहून करदंट आणायला विसरू नये. डिंक, सुके खोबरे, सुकामेवा आणि गूळ यांची ही वडी सायकलस्वारासाठीच केली असावी असे वाटते. चाळीस किलोमीटरनंतर तिचा एक तुकडा जे करतो ते बाजारातल्या रंगीत पुडीतले पदार्थ करत नाहीत.

प्रश्न : निपाणी भागात डोंगर-जलाशय नाहीत. आम्ही काय पाहावे? (निपाणी)

उत्तर : आपल्याकडे नद्या आहेत, आणि त्या नद्यांवरचे बुटके बंधारे-पूल आहेत. बेळगावच्या सायकलस्वाराला त्यांचा हेवा वाटावा. निपाणीहून अक्कोळला जाऊन सिदनाळच्या बंधाऱ्यावरून वेदगंगा ओलांडावी, पुढे सदलग्याच्या बाजूने दूधगंगेला भेटावे आणि मलिकवाडच्या बंधाऱ्यावरून पलीकडे दत्तवाडला, म्हणजे महाराष्ट्रात जावे. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि हिवाळ्यात तंबाखूच्या शेतांचा उग्र वास असा हा प्रदेश आहे. ज्यांना दमायचे नाही, त्यांना यासारखा दुसरा नाही. दत्तवाडहून कुरुंदवाडमार्गे नरसोबावाडीला गेल्यास कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दिवस संपवता येतो.

पावसाळ्यात हेच बंधारे सर्वांत आधी पाण्याखाली जातात. पाणी घोट्याइतके दिसले तरी त्यावरून सायकल घालू नये. कठडे नसलेल्या पुलाची कड गढूळ पाण्यात दिसत नाही. ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे बहुधा दिवा नसतो आणि चालकाला कर्कश गाण्यांमुळे तुमची घंटी ऐकू येत नाही. अंधार पडल्यानंतर त्या रस्त्यांवर न थांबणे, हाच उपाय.

प्रश्न : मला कन्नड येत नाही. पूर्वेकडच्या खेड्यांत अडचण येईल काय? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : येणार नाही. ‘नीरु’ म्हणजे पाणी आणि ‘दारी’ म्हणजे वाट, एवढे दोन शब्द आणि गावाचे नाव पुरते. गावाचे नाव मात्र तिथले लोक जसे उच्चारतात तसे उच्चारावे. पाट्या कन्नड लिपीत असतात, म्हणून निघण्यापूर्वी वाटेवरच्या पाच-सहा गावांची नावे कन्नडमध्ये कागदावर उतरवून घ्यावीत आणि ती अक्षरे पाटीशी जुळवून पाहावीत. दोन-तीन फेऱ्यांत अर्धी लिपी अशीच येऊन जाते.

प्रश्न : गिअरची महाग सायकल घेतल्याशिवाय लांब पल्ला शक्य आहे का? आणि कुत्री मागे लागली तर? (खानापूर)

उत्तर : शक्य आहे. राकसकोप, असोगा आणि निपाणीकडचे रस्ते साध्या सायकलने होतात; कणकुंबी आणि राजहंसगडाच्या चढाला गिअर असलेले बरे. सायकल कोणतीही असो, सोबत हवेचा पंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान असावे, कारण बाभळीचा काटा सायकलची किंमत विचारत नाही. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नये. उतरावे, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी आणि चालत राहावे. दहा-वीस पावलांत त्याची हद्द संपते आणि ते परत फिरते.